रस्त्यावरून न दिसणारं घर

"आणि गच्ची?" फरशीवाल्याने नकाशावर बोट टेकवलं. कागदावर ओशट ठसा उमटला.

"गच्ची नाही," आर्किटेक्ट म्हणाला. "छपरावर गवत आहे."

"गवत?"

"गवत."

फरशीवाल्याने बायकोकडे पाहिलं, बायकोने नकाशाकडे. नकाशा उलटा धरला असता तरी तिने तो तितक्याच भक्तिभावाने पाहिला असता, असं आर्किटेक्टच्या मनात आलं.

माणसाने फरशा विकून बक्कळ पैसा केला होता. असल्यांच्या हाती पैसा आला की त्यांना शनिवार-रविवारसाठी पाण्याकाठी घर लागतं. त्या घराला कमानी लागतात, जाडजूड खांब लागतात, दोन मजले तर लागतातच. या महाशयांनी फाटकावर दोन सिंह बसवायचाही विषय काढला होता. आर्किटेक्टने नुसतं चष्म्यावरून पाहिलं. तो विषय तिथेच संपला.

"जमीन उताराची आहे," तो मठ्ठ पोराला समजवावं तसा सांगू लागला. "वर रस्ता, खाली पाणी. उतारावर घर ठेवायचं नसतं, उतारात घालायचं असतं. पाण्याकडे पूर्ण काच, डोक्यावर सपाट छप्पर, छपरावर गवत. रस्त्यावरून पाहिलं तर फक्त हिरवळ आणि पलीकडे पाणी. जगात आता हेच चालतं."

"रस्त्यावरून घर दिसणारच नाही?" बायकोने विचारलं. "मग आपण घर बांधलंय हे लोकांना कळणार कसं?"

"ज्यांना कळायला हवं त्यांना कळतं, वहिनी."

असल्यांना गप्प करायला एवढं पुरतं.

खरी गोम वेगळीच होती. रस्त्याच्या वरच्या अंगाला, बरोबर याच जमिनीच्या मागे, एक प्लॉट रिकामा पडला होता. तिथे उभं राहिलं की सगळं पाणी एका नजरेत मावायचं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून दुसऱ्यांचे बंगले काढण्यात आर्किटेक्टचं अर्धं आयुष्य गेलं होतं. स्वतःसाठी त्याला एकच घर बांधायचं होतं, आणि ते तिथेच. समोर या फरशीवाल्याची माडी उभी राहिली असती तर जन्मभर तिचं ढुंगण बघत बसावं लागलं असतं. म्हणून गवत.

प्लॉट एका निवृत्त मास्तरीणबाईंचा होता. गुडघ्यांमुळे बाईंना तिथवर येऊन बघणं जमत नव्हतं, आणि हे आर्किटेक्टच्या पथ्यावरच पडलं होतं. तो त्यांना अधूनमधून फोन करी.

"बाई, आपलं सरळ बोलणं असतं. तुमच्या समोर एका धनदांडग्याचं घर होतंय. पाणी गेलंच म्हणून समजा. आता त्या जमिनीला कुत्रं विचारणार नाही. मी घेईन, पण तुम्ही म्हणता त्या भावात नाही."

"बघते हं," बाई म्हणत. आवाज दर वेळी आणखी थोडा खचलेला असे. घर पुरं होईपर्यंत बाई वठणीवर येतील, याबद्दल त्याला शंका नव्हती.

घर पुरं झालं, आणि झालं मात्र देखणं. काचेतून येणारा उजेड छतावर हलत राहायचा. आर्किटेक्टने स्वतःची पाठ थोपटून घेतली. असलं घर या माणसाच्या पदरात पडावं, याचा त्याला मनापासून राग आला. आता इथे प्लॅस्टिकची फुलं येणार.

किल्ली द्यायला तो गेला तेव्हा खाली कुणीच नव्हतं. हाक वरून आली. नवरा-बायको रस्त्यापलीकडे उभे होते, रिकाम्या प्लॉटवर.

"साहेब, आधी इकडे या!"

तो धापा टाकत चढला. "इथे काय करताय?"

"बघा तरी," फरशीवाला म्हणाला. "नुसतं पाणी! आमचं घर शोधूनही सापडत नाही. तुम्ही गवताचं सांगितलंत तेव्हा, खरं सांगतो, डोक्यावरून गेलं होतं."

आर्किटेक्ट बारीक हसला.

"ही तर इथे अडूनच बसली. म्हणाली, राहायचं तर इथे. मग मालकीणबाईंना गाठलं. कुणी हलकट त्यांना सारखा सांगत होता, तुमचं पाणी गेलं म्हणून. मी त्यांना गाडीत घालून आणलं, डोळ्यांनी बघा म्हटलं, आणि मागितला तो भाव दिला. काल सह्या झाल्या."

हातातली किल्ली कुणाला द्यायची हेच आर्किटेक्टला कळेना.

"मग... खालचं घर?"

"ते वॉचमनला," बायको म्हणाली. "आमचं आता इथे बांधायचं, आणि तेही तुम्हीच काढायचं. मी यांना म्हणतच होते, वॉचमनचं घर आपल्या डोळ्यांसमोर यायला नको, त्याचं काय करायचं? तर हे म्हणाले, अगं, ते साहेबांनी आधीच करून ठेवलंय."