हिरवी डहाळी

आमचा बाप ठेकेदाराची मोटार चालवतो. शाळा सोडल्यापासून मी शेजारी बसून सगळं बघतो, पण चाकाला हात लावला की थोबाडीत बसते. काल सातपुड्याचा कच्चा घाट चढून आलो, तर सगळं सागाचं रान तांबूस झालेलं. उताराच्या तोंडाशी डहाळ्यांचा ढीग आहे. जो तो थांबून देवाला एक डहाळी वाहतो. वरची हिरवी दिसली, तर कुणीतरी आत्ताच पुढं गेलेलं, म्हणजे पुढच्या अरुंद वळणावर बैलगाडी असणार, हे बापानंच शिकवलं. काल त्यानं उतरून ढिगाची कड चाचपली. "वाळेल शे. पुढे कोनी नही." वर हिरवीगार डहाळी होती. मी खेकसणार, तोच कळलं, त्याला आता नीट दिसतच नव्हतं. "सरक आबा, मी चालाडस." बाप मोटारीत चढून पलीकडं सरकला. भोंगा वाजवत मी वळलो. समोर बैलगाडीच होती, मी मोटार थांबवली. बापानं मुठीतली, वाहायची राहिलेली डहाळी माझ्यापुढं ठेवली. म्हणाला, "आतेपासून तूच वाहजो, भाऊ."