खाकी कव्हराचं पुस्तक

ओमनाच्या पत्राला दामोदरन मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र पावसाळ्यात आलं होतं. ओणमचा सण होऊन गेला तरी ते चष्म्याच्या घराखाली तसंच पडून होतं.

पत्रात अवघड काही नव्हतं. परदेशातून पदक आणणारी ओमना आता आत्मचरित्र लिहीत होती. शेवटच्या पानावर तिला वाचण्याजोग्या खेळाडूंच्या आत्मचरित्रांची यादी द्यायची होती. मास्तरांनी शाळेच्या मैदानावर वाचून दाखवलेली तीन पुस्तकं त्यात सर्वांत वर हवी होती. एक फिनलंडच्या लाकूडतोड्याचं, जो मीठ घातलेली पेज पिऊन धावायचा. दुसरं इथिओपियाच्या गुराख्याचं, जो भातखाचरांच्या बांधावर तोल सांभाळायला शिकला. तिसरं प्रागच्या विणकराच्या मुलीचं, जिचा बाप रोज विचारायचा, पळून कुणाचं पोट भरलंय?

पुस्तकांची नावं तेवढी कळवा, असं ओमनाने लिहिलं होतं. प्रकाशकांना ती कुठेच सापडत नव्हती.

मास्तर गणिताचे. आयुष्यात कधी बससाठीसुद्धा धावले नाहीत. शाळेला खेळाचे शिक्षक मिळेनात, तेव्हा हेडमास्तरांनी शिट्टी त्यांच्या हातात दिली, कारण संध्याकाळी ते रिकामे असत. पहिल्याच आठवड्यात ओमना शिट्टी परत मागायला आल्यासारखी समोर उभी राहिली आणि म्हणाली, उद्यापासून येणार नाही. बाप काजूच्या कारखान्यात लावतोय.

मास्तरांना मुलींशी बोलायची भीती वाटे. काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी पिशवीतलं खाकी कव्हर घातलेलं जाड इंग्रजी पुस्तक काढलं आणि त्यात बघून मल्याळममध्ये वाचायला लागले. ओमनाला इंग्रजी येत नव्हतं. ती पायरीवर बसून ऐकत राहिली आणि दुसऱ्या दिवशीही आली.

पुढे ते रोजचंच झालं. धावणं झालं की पुस्तक. तिने काही विचारलं की मास्तर पानं उलटत. कधीकधी पान सापडायला बराच वेळ लागे. राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, ती प्रागची मुलगी कधी शेवटची आली होती का? मास्तरांनी खूप शोधलं. मग वाचलं, आली होती, मैदानावरच ओकली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होती.

ओमना त्या स्पर्धेत शेवटून दुसरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मैदानावर पोचले, तेव्हा ती धावत होती.

पुस्तक मात्र त्यांनी कधी कुणाच्या हातात दिलं नाही. यावरून चहाच्या टपरीवर तर्क चालत. वाचनालयाचा सेक्रेटरी पवित्रन त्यांचाच विद्यार्थी, पण जिभेला हाड नसलेला. जुन्या कपाटातली किती इंग्रजी पुस्तकं कुठे गेली याचा पत्ता नाही, हे तो मास्तरांच्या समोर उगाचच मोठ्याने सांगे.

"मी कुणाचं नाव घेत नाही," तो म्हणे. "पण खाकी कव्हर माणूस दोनच कारणांनी घालतो. एक तर पुस्तक जपायला, नाही तर शिक्का झाकायला."

टपरी हसे. मास्तर चहा अर्धा ठेवून उठत. पण नाही म्हणत नसत.

ओणमनंतर ओमनाने वाचनालयात फोन केला. फोन पवित्रननेच घेतला आणि निरोप द्यायला धावतच आला. या वेळी तो थट्टा करत नव्हता.

"मास्तर, छपाई थांबलीय. प्रकाशक म्हणतात, नावं नसतील तर ते पान काढून टाका. ही म्हणते, मग पुस्तकच नको. ज्यांनी मला पळायला लावलं त्यांना गाळून मी माझं आयुष्य छापणार नाही म्हणाली." मग त्याने आवाज खाली आणला. "द्या ना ते. शिक्का असला तर असू दे. वाचनालयाचा सेक्रेटरी मीच आहे, माफ करून टाकू."

मास्तरांनी आत्तापर्यंत मनात उत्तरं कितीदा तरी जुळवून मोडली होती. पुस्तक वाळवीने खाल्लं. पुरात गेलं. नावं आठवत नाहीत, वय झालं. त्यातलं कुठलंही चाललं असतं. पण तिने आपलं सगळं आयुष्य पणाला लावलं होतं, आणि त्यांना एक ओळ लिहवत नव्हती.

ते उठले. ट्रंकेतून पुस्तक काढलं. आतल्या कोऱ्या पानावर त्यांनी लिहिलं, 'ओमना, तू विचारलेली तिन्ही पुस्तकं या एकातच आहेत. नाव मुखपृष्ठावर आहे. मास्तर.'

पवित्रन पोस्टापर्यंत बरोबर आला. पुस्तक धरायला त्याने दोनदा हात पुढे केला, पण मास्तरांनी दिलं नाही.

खिडकीवर मेरीक्कुट्टी होती. तिने पुस्तक उलटसुलट करून पाहिलं.

"बुकपोस्टने ना? मग दोन्ही टोकं उघडी ठेवायची. आणि हे कव्हर काढा, मास्तर. आत काय आहे ते दिसलं पाहिजे. नियम आहे."

मास्तरांचा हात क्षणभर कव्हरावर राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला. "तूच काढ."

कागद इतका जुना होता की घडीवरच फाटला. पवित्रन शिक्का शोधायला पुढे वाकला. शिक्का कुठेच नव्हता. त्याने मुखपृष्ठावरचं नाव इंग्रजीत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग अर्थ लावत सावकाश म्हणाला, "नारळावरच्या किडी आणि त्यांचा बंदोबस्त."

मेरीक्कुट्टीने वर पाहिलं. "मास्तर, घाईत दुसरंच पुस्तक आणलंत वाटतं."

"नाही," दामोदरन मास्तर म्हणाले. "हेच ते. मार शिक्का."