चिमूटभर हरळी

तिसऱ्या शेताच्या धुऱ्यावरही, बांधाच्या कडेला, निवृत्ती विळा घेऊन वाकला आणि रिकाम्या हातानं उठला. गवत होतं. भुईमुगाच्या पाण्यावर वाढलेलं, चांगलं कोवळं. पण त्यावर परवाच तणनाशक पडलं होतं. अजून पिवळं पडायचं होतं, एवढंच. कुणी मारलं हे विचारायची गरज नव्हती. त्यानंच मारलं होतं.

सकाळपासून पाठीवरचे सोळा पंप फवारून झाले होते. पट्ट्यांनी खांदे सोलवटले होते, पाय उचलत नव्हते. घरी जाऊन नुसतं पडावं असं वाटत होतं. बावीस वर्षं तो रोजानं फवारणी करत होता. बाकीचे गडी नाकाला फडकं बांधत, मधेच सावलीला बसत, कुणी ओकत. निवृत्तीला तसलं काही नाही. "औषध मले लागतच नाही," तो ऐटीत सांगायचा. म्हणून सगळ्या शिवारात आधी त्यालाच बोलावणं यायचं. घरी मात्र शालूबाई, त्याची बायको, कालच त्याच्यावर कडाडली होती. चुलीपाशी बसून होता आणि समोर दूध करपलं तरी याला पत्ता नाही! दमलेला माणूस, तो म्हणाला, डुलकी लागली असेल.

आजची पायपीट नातीसाठी होती. लेकीची लेक, पुष्पांजली, आठ दिवसांसाठी बुलढाण्याहून आली होती. सोबत पिंजरा आणि पिंजऱ्यात दोन गिनीपिग, लाडू आणि चिवडा. गावानं त्यांना बिनशेपटीचे उंदीर ठरवून टाकलं होतं. पोरगी आजीच्या कुशीत झोपायची, आजीच्या ताटात जेवायची. आजोबांनी हाक मारली की दाराशीच उभी राहायची. शहरातली आहे, आपण पडलो अडाणी, असं निवृत्तीनं स्वतःला समजावलं होतं. पण ते त्याला फार लागलं होतं. उद्या तिची आई तिला न्यायला येणार होती.

आणि आज सकाळी ती आपणहून आली. दोन हात लांबच थांबली, पण आली.

"आबा, यांच्यासाठी गवत आणाल? थोडंच. थंडीभर वाळलेलंच खाल्लंय यांनी. एकदम हिरवं दिलं तर पोट फुगून मरतात. आज चिमूटभर, उद्या थोडं जास्त. आणि फवारा मारलेलं नको हं."

पहिलं सगळं निवृत्तीला ठाऊक होतं. उन्हाळाभर कडब्यावर असलेल्या गाईलाही नवा चारा असाच बेताबेतानं द्यावा लागतो. शेवटचं ऐकून मात्र तो हसला होता. चिमूटभर तर गवत, त्यात काय एवढं!

आता दिवस कलला होता आणि हसू केव्हाच आटलं होतं. चौथा धुरा, पाचवा धुरा, सगळे त्याच्याच हातचे. पाण्याच्या टाकीखाली ओलीवर हरळी माजली होती. तिथं तो रोज पंप धुवायचा. बावीस वर्षं राबलो, अन् पोरीला द्यायला चिमूटभर गवत नाही आपल्याकडं, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

अन्वरच्या विहिरीपाशी तो टेकला. अन्वर बकऱ्यांना पाणी पाजत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मंग एवढं काऊन फिरून राह्यले, निवृत्तीभाऊ? माह्या धुऱ्यावरचं न्या. बकऱ्या खातेत इथलं. तुमचा पंप म्या इथं कधी येऊ देल्ला का?"

अन्वरनं स्वतःच ओंजळभर हरळी कापली, आपल्या रुमालात बांधून दिली. निवृत्ती घरी आला तो जवळजवळ पळतच. दोनदा साबण लावून त्यानं हात धुतले, रुमाल पोरीपुढं सोडला, त्यातली चिमूट घेतली आणि पिंजऱ्याशी उकिडवा बसला.

दोन्ही गिनीपिग चिवचिवत धावले. बोटांपर्यंत आले, थबकले आणि मागं फिरून कोपऱ्यात दडले. पुष्पांजलीनं रुमालातली दुसरी चिमूट धरली. ते तिच्या हातून कुरूकुरू खाऊ लागले.

"माह्यावर रुसले का वं हे?"

"नाही आबा. तुमच्या हाताला औषधाचा वास येतो ना." ती जरा घुटमळली. "मला पण येतो. म्हणून मी जवळ नाही येत."

निवृत्तीच्या जिवावरचं ओझंच उतरलं. म्हणजे पोरगी आपल्याला टाळत नव्हती, वासाला टाळत होती!

"एवढंच ना, माय? मंग आंदी नाही सांगायचं?" तो चुलीकडं वळला. "तू तरी काऊन नाही सांगितलं वं?"

"काय सांगू?" शालूबाई मान वर न करता म्हणाली. "धुतल्यानं गेला असता त सांगितलं असतं."

"पाहू बरं, किती येते त."

त्यानं तळहात नाकाशी धरला. काही नाही. दुसरा धरला. काही नाही. पोरगी अजून दोन हात लांबच बसली होती. निवृत्तीनं ती हरळीची चिमूट तळहातावर चुरगळली, हिरवं पाणी निघेपर्यंत, आणि नाकाशी नेऊन डोळे मिटून खोल श्वास घेतला.

त्या गवतालाही वास नव्हता.