पुस्तकातली पेशी

सूक्ष्मदर्शकाखालची पहिली काच कांद्याच्या पापुद्र्याची होती. विटा रचाव्यात तशा पेशी शहाण्यासारख्या ओळीनं बसलेल्या. दुसरी काच बाईंच्या स्वतःच्या गालाची. मुलींनी काडीनं खरवडून तोंडातून रक्त काढू नये, म्हणून बाई दरवर्षी आपलाच गाल द्यायच्या. यंदा तर डावा गाल आतून खडबडीत झाला होता. काडी नुसती लावली की पेशी हजर.

वर्गातल्या सगळ्यात बारक्या मुलीनं एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि दिसलं तसं चित्र काढलं.

"अगं बयो, हे काय? एवढं थोरलं केंद्रक? आणि तेही काळंकुट्ट, वेडंवाकडं? पेशी आहे की कुजका बटाटा?"

सगळा वर्ग खिदळला.

"पण बाई, मला असंच दिसतंय. तुम्ही एकदा बघा ना."

"तीस वर्षं बघतेय. पुस्तकात आहे तशी काढ. परीक्षक काय तुझे डोळे उसने घेऊन येणार आहेत?"

मुलीनं आधी डोळे पुसले, मग चित्र पुसलं. पेशीच्या मधोमध इवलासा गोल ठिपका काढला. बाईंनी दहापैकी दहा दिले.

 

गालाचा कॅन्सर गळ्यात उतरला, तेव्हा डॉक्टर बाईंच्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाले, "सहा महिन्यांपूर्वी या पेशी कुणी नुसत्या पाहिल्या असत्या ना, तर आई हाती लागल्या असत्या."