हेडवरचे पाइप

“काढूनच टाकूया, कप्तान,” उघड्या बॉनेटखाली वाकलेला मिस्तरी म्हणाला.

कप्तानांच्या कपाळावर आठी चढली. इंजिनाच्या हेडवरून जाणारे हे दोन बारके पाइप ठेवायलाच हवेत, असं कालपर्यंत हाच माणूस सांगत होता. त्यांच्यातून कूलंट फिरतं म्हणून मागचं सिलिंडर तापत नाही, हे यानंच हातवारे करून समजावलं होतं. तेही कप्तानांना. जन्मभर बस चालवून ‘कप्तान’ हे नाव कमावलेल्या माणसाला.

“काल तर ठेवायचे होते.”

“नंतर विचार केला. जुने झालेत. सांध्यातून कधी गळतील नेम नाही. काढले, भोकं बुजवली की कटकट मिटली.”

“आणि मागचं सिलिंडर?”

“हं, तेही आहेच.” मिस्तरी डोकं खाजवू लागला. “मग ठेवूया म्हणता?”

कप्तानांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पाणी कुठेतरी मुरत होतं. गाडी साध्या सर्व्हिसिंगला आणली होती. मुलगीच मागे लागली होती, बाबा, एकदा दाखवून घ्या म्हणून. तेव्हापासून इंजिन पोट फाडल्यासारखं उघडं पडलं होतं आणि मिस्तरी रोज नवा सूर लावत होता. चांगले पार्ट काढून दुसऱ्याच्या गाडीत घालायचे आणि तोवर गिऱ्हाईक झुलवत ठेवायचं, असे उद्योग कप्तानांनी पुष्कळ ऐकले होते. म्हणून तर काल निघताना त्यांनी सुट्या काढलेल्या रेडिएटरवर किल्लीच्या टोकानं गुपचूप एक खूण करून ठेवली होती.

ते पुढे वाकले. “इथे उजेड का ठेवत नाहीस रे? विजेचं बिल येतं म्हणून?”

“दोन्ही ट्यूब चालू आहेत,” मिस्तरी हळू आवाजात म्हणाला.

कप्तानांनी पाइप बोटांनी चाचपले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पंजा मिस्तरीच्या नाकासमोर धरला. “बघ. कोरडा ठणठणीत. कुठे आहे तुझी गळती?”

मिस्तरीनं पंजावरची काजळी पुसायला फडकं दिलं आणि नजर खाली वळवली.

“आणि हे दार?” कप्तानांनी डाव्या दारावरून हात फिरवला. पार मागच्या चाकापर्यंत रंग खरवडून निघाला होता. “माझ्या गाडीला आजवर साधा ओरखडा नव्हता. इथे कोणीतरी घासलंय, आणि कोणाच्या तोंडून चकार शब्द नाही.”

“चुकलं असेल कोणाचं तरी. मी रंग मारून देतो.”

हे तर फारच झालं. घासणारा माणूस आधी कानांवर हात ठेवतो, मग दुसऱ्याकडे बोट दाखवतो, मग आवाज चढवतो. हा न भांडताच कबूल झाला. म्हणजे दारापेक्षा मोठं काहीतरी लपवायचं होतं.

“येतो मी,” म्हणून कप्तान निघाले. पण ते घरी गेले नाहीत. गॅरेजला वळसा घालून मागच्या अंगाला गेले. सुटे केलेले पार्ट तिकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतात, हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. रेडिएटरवरची खूण एकदा बोटांनी तपासायची आणि मग याला रंगेहाथ पकडायचं.

शेडच्या दाराशी ते पोचले तेवढ्यात आतून मिस्तरीचा आवाज आला. तो फोनवर होता.

“ताई, गाडी अडकवून ठेवायचं आता माझ्याच्यानं होत नाही. आज काढूया म्हणालो, उद्या ठेवूया म्हणेन. पण कुठवर ताणू? पाइपांना काहीही झालेलं नाही, हे त्यांनी हात लावून ओळखलं... हो, चोर समजतात मला. समजू देत. पण तुम्ही एकदा बोला तुमच्या बाबांशी... दाराचंही अंगावर घेतलं हो मी. गॅरेजच्या गेटच्या खांबाला गाडी त्यांनीच घासली, हे त्यांना अजून कळलेलं नाही, ते मी कुठल्या तोंडानं सांगू? आणि कोपऱ्यावरच्या त्या बाईचं? बरोबरच्या पोरीला ओढून ती फुटपाथवर चढली म्हणून दोघी वाचल्या. मी समोरच उभा होतो. कप्तान सरळ निघून गेले. त्यांना दिसल्याच नाहीत त्या.”

कप्तानांनी पत्र्याला हात टेकला.

कुठली बाई? ते आठवू लागले. गॅरेजकडे यायचा रस्ता आठवला, कोपऱ्यावरचं वळण आठवलं. रस्ता मोकळा होता. कितीदाही आठवलं तरी तो मोकळाच होता.

बऱ्याच वेळानं ते पुढच्या बाजूनं पुन्हा गॅरेजमध्ये आले. मिस्तरी गाडीपाशी परतला होता. तो दचकला.

“काही विसरलात का?”

“नाही.” कप्तान स्टुलावर बसले. उघड्या इंजिनाकडे पाहत राहिले. “त्या पाइपांचं म्हणत होतास.”

“तुम्ही म्हणाल तसं करू.”

“असं घाईनं ठरवू नये. राहू दे उघडंच.”

मिस्तरी जवळ आला. “किती दिवस?”

कप्तानांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग तो मिस्तरीपुढे केला. “मुलीला लाव जरा.”

फोन लगेच उचलला गेला. “बाबा?” मुलीचा आवाज सांभाळून सांभाळून येत होता. “झाली का गाडी?”

“नाही गं. पाइपांचं अजून ठरत नाहीये. मला घ्यायला येशील?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“टॅक्सी घेऊन येऊ, की माझी गाडी आणू?”

“तुझीच आण,” कप्तान म्हणाले. “मी शेजारी बसेन.”