गाजराची वाटी

सासूबाई फिरायला बाहेर पडल्या आणि सुनेने झटकन कुकर चढवला.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बाळाच्या अंगात रक्त फार कमी आहे, आता वरचं खाणं सुरू करताना मांस द्याच. पुढच्या तपासणीत रक्त वाढलं नाही, तर दवाखान्यात ठेवावं लागेल. पण या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. नवऱ्याने ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून केव्हाच हात झटकले होते.

मटणाचं दुकान तिला कळलं, तेही सासूबाईंमुळेच. “बाजारामागच्या गल्लीत चुकूनसुद्धा जायचं नाही, तिथे मटणाचं दुकान आहे,” असं त्यांनी तिला बजावलं होतं. दुपारी त्यांचा डोळा लागला की ती तिथेच जायची.

दुकानदार मात्र देवमाणूस. तिच्यासाठी कोवळा तुकडा बाजूला काढलेला असायचा. शिरा सोडवून तो दोनदा बारीक करून द्यायचा.

“मऊ शिजव, त्याच पाण्यात वाट, मग गाळून घे. मीठ नको. आणि सासूबाई बऱ्या आहेत ना?”

“ठणठणीत! तुमच्या दुकानाचं नाव काढलं तरी आंघोळ करतील.”

तो गालातल्या गालात हसायचा.

घरी त्या वाटलेल्या मटणात ती उकडलेलं गाजर कालवायची. हल्ली सासूबाई सकाळ-संध्याकाळ फिरायला जायच्या, म्हणून ती मनोमन देवाचे आभार मानायची. परत आल्या की वाटी स्वतःकडे ओढायच्या.

“गाजर छान वाटलंयस हो,” म्हणत त्या बाळाला चमच्याचमच्याने भरवायच्या. बाळ मिटक्या मारायचं आणि सुनेला वाटायचं, चोरी पकडली गेली, तर या बाई पुन्हा बाळाला जवळ घेतील का?

तपासणीत रक्त चांगलं वाढलेलं निघालं. सुनेला दवाखान्यातच रडू कोसळलं. बाळाला घेऊन ती तडक दुकानात गेली.

“दादा, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्यामुळे माझं लेकरू सावरलं. रोज इतका कोवळा तुकडा निवडून ठेवत होतात!”

दुकानदाराने हात स्वच्छ धुतले, पुसले आणि बाळाला उचलून घेतलं. त्याचे डोळे भरून आले होते.

“मी कुठला निवडतोय, पोरी? तो तुकडा रोज सकाळी येऊन ताई निवडून जाते. तुला सांगायचं नाही म्हणाली होती, पण आज राहवत नाही. या बाळापायी तुझी सासू लग्नानंतर पहिल्यांदा माहेरची पायरी चढली.”