पांढरं पाणमांजर

“हे पांढरं पाणमांजर तुम्ही स्वतः पकडलंत?”

“छे,” टॉडबाई म्हणाल्या. “मला आयतं मिळालं.”

रोरी मर्डॉकने पेन खाली ठेवलं. ओमारू गावातल्या वाचनालयामागच्या सभागृहात जुन्या व्हिडिओ गेमची स्पर्धा भरली होती. कुणाचे प्राणी खरे, कुणाचे बनावट, हे तपासायचं काम गेली सहा वर्षं त्याच्याकडे होतं. या गेममध्ये रानोमाळ हिंडून प्राणी पकडायचे असतात. पाणमांजरं भेटतात ती तपकिरी. पांढरं आठ हजारांत एखादं. म्हणून लोक लबाडी करतात, गेमच्या आत हात घालून हवा तो प्राणी घडवतात. सकाळपासून रोरीने तिघांना घरी पाठवलं होतं. याच्या नजरेतून खोटं सुटत नाही, असं लोक कौतुकाने म्हणत. त्याची बायकोही म्हणायची, पण तिचा सूर वेगळा असायचा.

आणि आता समोर ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. अंगात हाताने विणलेलं स्वेटर, मांडीवर चीज रोलचा डबा.

“आयतं म्हणजे?”

“म्हणजे कॅसेटमध्येच होतं. जुनी घेतली ना मी. नव्याने सुरू केलं असतं तर आधीच्या पोराचं सगळं पुसलं गेलं असतं. एवढा जीव ओतून जमवलेलं, मला नाही पुसवलं. तो जिथे थांबला होता, तिथून मी पुढे निघाले.”

गोष्ट गोड होती. गोड गोष्टींवर रोरीचा विश्वास नव्हता. प्रत्येक बनावट प्राण्यामागे अशीच एखादी गोड गोष्ट असते, हा त्याचा अनुभव. त्याने बाईंच्या हातातलं यंत्र आपल्याकडे ओढलं आणि खेळाडूचं पान उघडलं.

नाव, रोरी. क्रमांक, ४०९१७.

ही त्याचीच कॅसेट होती. हा क्रमांक त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी आठवला असता.

बावीस वर्षांपूर्वी तो बारा वर्षांचा होता. शाळा सुटली की तो आणि शेजारचा राविरी याच पाणमांजराच्या मागावर बसायचे. एकाने बटणं दाबायची, दुसऱ्याने दर पाणमांजरामागे वहीत रेघ ओढायची. चार महिने. सहा हजार दोनशे चौथ्या रेघेला गवतातून पांढरं तोंड बाहेर आलं, तेव्हा दोघं पलंगावर इतके नाचले की पलंगाचा पाय मोडला. आणि आठच दिवसांत कॅसेट खणातून गायब झाली. तो खण राविरीशिवाय कुणाला ठाऊक होता? रोरी तडक त्याच्या दारात गेला आणि सगळ्या गल्लीदेखत त्याला चोर म्हणाला. राविरी एक शब्दही बोलला नाही. खरा असता तर बोलला असता, असं रोरीने तेव्हाच ठरवून टाकलं. राविरी माओरी होता, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी; लोकांना पटायला वेळ लागला नाही. पुढे शाळेत कुणाचं काहीही हरवलं की आधी त्याचं दप्तर उपडं व्हायचं.

अजूनही तो दुकानात दिसला की रोरी वाट बदलायचा.

म्हणजे चोरून विकलीच होती तर.

“कुणाकडून घेतलीत ही?” रोरीने विचारलं. “एक माओरी मुलगा होता का? बारा-तेरा वर्षांचा?”

“मुलगा कशाला असेल? चर्चच्या बाजारात घेतली मी. जॅमच्या बाटल्यांशेजारी ठेवली होती, शोना मर्डॉकच्या टेबलावर. ‘घेऊन जा बाई,’ म्हणाली, ‘आमचं कार्टं हिच्यापायी खोलीबाहेर पडेना.’” टॉडबाईंनी डबा पुढे सरकवला. “घे एक. तू ओळखायचास का रे तिला?”

“ओळखायचो,” रोरी म्हणाला.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या दिवशी तो राविरीच्या दारात ओरडत होता, तेव्हा ती मागोमाग आली होती. काही बोलली नव्हती. घरी आल्यावर मात्र तो रडून रडून थकेपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती.

त्याने बाईंच्या कागदावर ‘खरं’ असं लिहून सही केली. गळ्यातला बिल्ला काढून टेबलावर ठेवला. रांगेतले लोक बघत राहिले आणि तो सभागृहाबाहेर पडला.

राविरीचं घर बंदराकडच्या उतारावर होतं. ते टाळायचं म्हणून रोरीला नीट ठाऊक होतं. पायरीवर खाटीकखान्यातले पांढरे गमबूट वाळत होते. दार राविरीनेच उघडलं. केस पिकायला लागले होते. रोरीला बघून तो दचकला नाही, हसलाही नाही.

“ती कॅसेट,” रोरी म्हणाला, “आईने विकली होती.”

“माहितीये.”

“माहितीये?”

“बाजाराचं खोकं चर्चपर्यंत मीच तर उचलून नेऊन दिलं होतं तिला. वरच दिसत होती.”

“मग बोलला का नाहीस?” रोरी जवळजवळ ओरडलाच. “तेव्हा नाही, नंतर नाही. बावीस वर्षं, राविरी!”

राविरीने पायरीवरचे गमबूट उचलून सरळ ठेवले. मग त्याच्याकडे न बघता म्हणाला,

“ती तुझ्या मागेच उभी होती रे. तुला मित्र दुसरा मिळाला असता. आई कुठून आणली असतीस?”